हृदयासाठी अर्जुन, गुग्गुळ, लसूण घेताय? मग नेमकं किती घेताय ते एकदा मोजून बघा

नागपुरात महालातल्या एका मेडिकलच्या काउंटरवर मी बरीच वर्षं उभी असते, आणि हृदयाच्या आयुर्वेदिक औषधांबद्दल मला रोज विचारतात ते दोनच प्रश्न, "अर्जुन आहे का?" आणि "कोणत्या कंपनीचं चांगलं?" किती घ्यायचं, कशासोबत घ्यायचं नाही, आधीच्या गोळ्या चालू असताना चालतं का, हे फार कमी लोक विचारतात. एखादे काकाजी ॲन्जिओप्लास्टी होऊन आलेले असतात, दोन रक्त पातळ करायच्या गोळ्या, एक कोलेस्टेरॉलची, एक बीपीची, आणि त्यावर शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून लसणाच्या कॅप्सूल, व्हॉट्सॲपवर आलं म्हणून अर्जुनाचा काढा, मुलीनं ऑनलाइन मागवलं म्हणून अजून एक हर्बल डबी. सगळं चांगल्या मनानं दिलेलं. पण या सगळ्याची बेरीज कोणी केलेली नसते. ती बेरीज घरी कशी करायची ते मी इथे क्रमानं लिहितेय, थोडं लांब होईल, पण निवांत वाचा.

त्याआधी एक गोष्ट. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, अचानक दम, हे झालं तर कोणताही काढा करत बसायचं नाही, 108 ला फोन लावायचा नाहीतर मेडिकल, मेयो, सुपर या नागपुरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यांपैकी जे जवळ असेल तिथे सरळ न्यायचं. आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी "आता अर्जुन सुरू केलाय ना" म्हणून स्वतःहून बंद करायची नाही. स्टेंट बसवल्यावर रक्त पातळ करायची गोळी मधेच सोडली तर स्टेंटमध्ये गाठ होऊ शकते, तिथे अर्जुन काही कामाचा नाही.

पायरी 1: घरातलं सगळं एका टेबलावर काढा

सगळं म्हणजे सगळं. ॲलोपॅथीच्या गोळ्या, चूर्णाच्या डब्या, अरिष्टाच्या बाटल्या, पोट साफ व्हायचं चूर्ण, खोकल्याचं सिरप, गुडघ्याच्या गोळ्या, सकाळी पिता तो रस, प्रोटीन पावडरमध्ये मिसळलेली "हर्बल ब्लेंड" सुद्धा. लोक फक्त "हृदयाचं" औषध दाखवतात आणि घोळ नेमका बाकीच्या डब्यांत निघतो. गुडघ्याच्या आयुर्वेदिक गोळ्यांत बहुतेक वेळा गुग्गुळ असतो, खोकल्याच्या आणि ॲसिडिटीच्या औषधात ज्येष्ठमध असतं, आणि जेवणानंतर चाटायचं लवणभास्कर चूर्ण हे नावाप्रमाणेच मिठाचं आहे, त्यात एकापेक्षा जास्त प्रकारची मीठं असतात. हार्ट फेल्युअरमुळे, म्हणजे हृदयाचं पंपिंग कमी पडत असल्यामुळे, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलेला माणूस भाजी अळणी खातो आणि वरून हे चूर्ण दोनदा घेतो, असं मी कितीतरी वेळा बघितलंय.

मग एका वहीत प्रत्येकासमोर लिहा: नाव, त्यात मुख्य काय आहे, दिवसातून किती वेळा, कधीपासून. एकच वनस्पती दोन-तीन डब्यांत आली तर तिच्याखाली रेघ मारा. अर्जुन बहुतेक घरांत असाच निघतो, चूर्णात एक, "हार्ट केअर" टाइपच्या गोळीत एक आणि बाटलीत अर्जुनारिष्ट.

पायरी 2: लेबल वाचा, समोरचं नाही, मागचं

समोर हृदयाचं चित्र आणि मोठी अक्षरं असतात, ती बाजूला ठेवा. मागे बघायचं ते हे: आयुर्वेदिक औषध असं लिहिलंय का, लायसन्स नंबर, बॅच नंबर, बनवल्याची आणि संपायची तारीख, आणि प्रत्येक घटक किती मिलिग्रॅम आहे. आयुर्वेदिक औषधावर राज्याच्या औषध खात्याचा लायसन्स नंबर असतो, आणि फूड सप्लिमेंट म्हणून विकलेल्या डबीवर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याचा, 14 आकडी नंबर असतो. एफएसएसएआयवाली डबी म्हणजे कायद्यानं ते अन्न झालं, त्यावर रोग बरा होतो असा दावा करता येत नाही.

"ब्लॉकेज 100 टक्के खुलतील", "बायपास टळेल" असं लिहिलेलं किंवा व्हिडिओत सांगितलेलं प्रॉडक्ट मी तरी बघताच बाजूला ठेवते. 1954 च्या जादुई उपचारांच्या जाहिरातींवर बंदी घालणाऱ्या कायद्याच्या यादीत हृदयरोग आहे आणि रक्तदाबही आहे, म्हणजे असे आजार बरे करायची जाहिरात करणंच बेकायदा आहे. जो कायदा मोडून जाहिरात करतोय तो डबीत मात्रा नीट भरत असेल यावर मी का विश्वास ठेवू?

घटकांपुढे आकडे नसतील, नुसतं "प्रोप्रायटरी ब्लेंड 800 मिग्रॅ" असेल, तर मात्रा काढताच येणार नाही. ते घेऊ नका, विषय संपला.

आणि कुठेही "वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे" अशी सूचना इंग्रजी-हिंदीत छापलेली दिसली तर ती नुसती शोभेची ओळ समजू नका. औषध कायद्यात विषारी द्रव्यांची एक वेगळी यादी आहे, बचनाग, कुचला, धोत्रा, कण्हेर, बिब्बा वगैरे, त्यातलं काही असलं तर पोटात घ्यायच्या औषधावर ही सूचना छापावीच लागते.

पायरी 3: चूर्ण आणि घनसत्त्व यातला फरक, इथेच सगळ्यात जास्त गडबड होते

हे नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं यावर उभं आहे.

भारताच्या आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या सरकारी प्रमाणग्रंथात, अर्जुन सालीच्या चूर्णाची मात्रा दिवसाला 3 ते 6 ग्रॅम दिलीय. हा आकडा सालीच्या साध्या चूर्णाचा आहे. पण बाजारात गोळ्या-कॅप्सूल मिळतात त्या बऱ्याचदा अर्काच्या असतात, ज्याला घनसत्त्व म्हणतात, म्हणजे साल उकळून, आटवून, सुकवून केलेली पावडर. लेबलवर 10:1 लिहिलं असेल तर 10 ग्रॅम सालीपासून 1 ग्रॅम अर्क केला असा त्याचा अर्थ.

आता दोन डब्या घ्या. पहिलीवर लिहिलंय "अर्जुन चूर्ण 500 मिग्रॅ", दुसरीवर "अर्जुन घनसत्त्व 250 मिग्रॅ, 10:1". गिऱ्हाईक बघतं 500 आणि 250, आणि म्हणतं दुसरी हलकी आहे, दोन घेतल्या तरी चालतील. प्रत्यक्षात पहिल्या कॅप्सूलमध्ये अर्धा ग्रॅम साल आहे आणि दुसरीत अडीच ग्रॅम सालीचा अर्क, म्हणजे पाचपट. पहिलीच्या रोज चार कॅप्सूल घेणारा माणूस डबी संपली म्हणून दुसरी आणतो आणि सवयीनं चारच घेत राहतो, तर तो 2 ग्रॅमवरून थेट 10 ग्रॅमवर गेला, फार्माकोपियाच्या वरच्या मर्यादेच्याही पुढे, आणि त्याला वाटतं मी तर तेच औषध घेऊन राहिलो.

हा गुणाकार ढोबळ आहे हे पण लक्षात ठेवा. पाण्यात काढलेला अर्क आणि अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क यात वेगवेगळी द्रव्यं उतरतात, त्यामुळे 10:1 म्हणजे हुबेहूब दहापट जोर असं नसतं. पण मर्यादा ओलांडतोय का हे कळायला एवढं पुरतं. प्रमाण लिहिलेलंच नसेल तर अंदाज बांधू नका, कंपनीला विचारा नाहीतर प्रमाण लिहिलेली दुसरी डबी घ्या.

मॉडर्न पद्धतीनं झालेल्या अभ्यासांत काय मात्रा होती तेही सांगते, म्हणजे "जास्त घेतलं तर जास्त फायदा" हा समज जाईल. इंदूरच्या डॉक्टरांनी 1995 मध्ये हार्ट फेल्युअरच्या 12 पेशंटवर जो अभ्यास छापला त्यात सालीचा अर्क 500 मिग्रॅ दर 8 तासांनी दिला होता आणि पेशंटना फरक दिसला होता, पण ते 12 च जण होते. पुढे दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनी 2016 मध्ये 100 पेशंटचा मोठा अभ्यास छापला, पाण्यातला अर्क 750 मिग्रॅ दिवसातून दोनदा, 12 आठवडे, आणि हे सगळं नेहमीच्या औषधांसोबत. त्यात हृदयाचं पंपिंग, म्हणजे ज्याला आपण ईएफ म्हणतो, ते वाढलं नाही, काही पेशंटना चालण्या-फिरण्यात आणि त्रासात थोडा आराम वाटला. म्हणून मी म्हणते, अर्जुन जोडीला ठेवायची गोष्ट आहे, आणि तीही सांगितलेल्या मात्रेत.

पायरी 4: चमचा सोडा, वजन करा

"एक चमचा चूर्ण" याला काही अर्थ नाही. चहाचा चमचा, पोह्याचा चमचा, सपाट भरलेला, शीग लावलेला, चूर्ण बारीक की जाडसर, यावर वजन दुप्पट-तिप्पट होऊ शकतं. छोटा डिजिटल वजनकाटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो, तो घ्या, आणि तुमच्या घरच्या एका ठरावीक चमच्यात किती ग्रॅम बसतं ते एकदा मोजून डबीवर मार्करनं लिहून ठेवा. नवीन डबी आणली की परत मोजा.

जुन्या वैद्यांच्या चिठ्ठीत किंवा आजीच्या वहीत रत्ती, मासा, तोळा असतं. फार्माकोपियाच्या हिशेबात 1 रत्ती म्हणजे 125 मिग्रॅ, 8 रत्ती म्हणजे 1 मासा म्हणजे 1 ग्रॅम, आणि 12 मासे म्हणजे 1 तोळा, 12 ग्रॅम. इतवारीच्या सराफ्यात आज तोळा म्हणजे सरळ 10 ग्रॅम धरतात, त्यामुळे सोनाराचा तोळा आणि वैद्याचा तोळा यांची गल्लत करू नका, रसौषधीच्या, म्हणजे पारा-भस्मांच्या औषधांच्या, बाबतीत तर अजिबातच नाही.

क्षीरपाक, म्हणजे दुधात उकळलेला काढा, करायचा असेल तर जुनं प्रमाण सोपं आहे, 1 भाग औषध, 8 भाग दूध, 32 भाग पाणी, आणि दूध उरेपर्यंत आटवायचं. म्हणजे 5 ग्रॅम सालीला 40 मिली दूध आणि 160 मिली पाणी, मंद आचेवर उकळून 40 मिलीच्या आसपास राहिलं की गाळून घ्यायचं. साखर नको. 5 ग्रॅमचा क्षीरपाक घेतला की त्या दिवसाची अर्जुनाची मात्रा झाली, वरून परत कॅप्सूल नाही.

अर्जुनारिष्टाची नेहमीची मात्रा 12 ते 24 मिली, जेवणानंतर, तेवढंच पाणी घालून. बाटलीच्या झाकणावर किंवा सोबतच्या मापावर खुणा असतात, त्यानंच मोजा. शुगरवाल्यांनी इथे थांबून विचार करायचा, कारण याच्या मूळ पाठात सालीच्या वजनाएवढाच गूळ आहे, वर मनुका आणि मोहाची फुलं. त्यातला बराचसा गूळ आंबताना संपतो, पण सगळा नाही. आणि आंबल्यामुळे त्यात स्वतः तयार झालेलं अल्कोहोल असतं, लेबलवर लिहिलेलंही असतं. लिव्हरचा त्रास असलेल्यांनी, दारू सोडलेल्यांनी आणि मेट्रोनिडॅझोलसारखी गोळी चालू असलेल्यांनी अरिष्ट टाळायचं.

साल सुटी घेणाऱ्यांसाठी एक. इतवारीत जडीबुटीच्या दुकानात अर्जुनाची साल मिळते, पण त्यात ऐनाची साल मिसळलेली येऊ शकते, दोन्ही एकाच कुळातली झाडं. अर्जुनाची साल बाहेरून बऱ्यापैकी गुळगुळीत, फिकट राखाडी आणि आतून गुलाबीसर असते, ऐनाची काळपट आणि मगरीच्या पाठीसारखी खोल भेगांची. चूर्ण झाल्यावर काहीच कळत नाही, म्हणून सुटं घ्यायचं तर साल घ्या, सुटं चूर्ण नको.

पायरी 5: आधीच्या गोळ्यांशी जुळतं का ते बघा

ही पायरी एकट्यानं करू नका, वही घेऊन डॉक्टर किंवा फार्मासिस्टकडे जा. पण काय विचारायचं हे तुम्हाला माहीत पाहिजे.

रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, म्हणजे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर, किंवा झडप बदललेल्यांना देतात ते वॉर्फरिन किंवा ॲसिनोकुमारॉल, तर लसणाच्या कॅप्सूल, हळदीच्या अर्काच्या गोळ्या, आल्याचा अर्क, गुग्गुळ हे विचारल्याशिवाय सुरू करायचं नाही, कारण रक्तस्राव वाढू शकतो. भाजीतला लसूण, फोडणीतली हळद याला कोणी नाही म्हणत नाही, जेवणात असते तेवढी मात्रा चालते, प्रश्न अर्क भरलेल्या कॅप्सूलचा आहे. वॉर्फरिन-ॲसिनोकुमारॉलवाल्यांनी तर कोणतीही नवी वनस्पती सुरू केली, बंद केली, कंपनी बदलली तरी डॉक्टरांना सांगून आठवडाभरात आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, तपासून घ्यायचा. या दोन गोळ्यांची सुरक्षित पट्टी फार अरुंद असते.

बीपीची गोळी चालू असताना सर्पगंधा स्वतःहून कधीच नाही. सर्पगंधा खरोखर बीपी कमी करते, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिच्यावर लेख लिहिला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं, पुढे 1952 मध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं. पण त्याच रेसरपिननं नाडी मंदावते, नाक चोंदतं आणि मन उदास होतं, अगदी खोल नैराश्यापर्यंत. खरा परिणाम करणारी वनस्पती खरा अपायही करते, म्हणून तिची मात्रा वैद्यानंच ठरवायची.

ज्येष्ठमधाचं उलटं आहे. ते गोड, घशाला बरं वाटतं, म्हणून लोक निर्धास्त खातात, पण त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे अंगात मीठ-पाणी धरून राहतं, बीपी वाढतं आणि पोटॅशियम कमी होतं. लघवी जास्त व्हायची गोळी चालू असेल तर पोटॅशियम आधीच कमी होत असतं, आणि सोबत डिगॉक्सिन ही हृदयाची गोळी असेल तर कमी पोटॅशियममुळे ठोके बिघडू शकतात. हार्ट पेशंटनं ज्येष्ठमध रोजच्या सवयीत ठेवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गुग्गुळाबद्दल जरा जास्त लिहिते कारण तो "कोलेस्टेरॉलची आयुर्वेदिक गोळी" म्हणून सगळ्यात जास्त खपतो. शुद्ध गुग्गुळाची मात्रा 2 ते 4 ग्रॅम आहे. भारतातल्या जुन्या अभ्यासांत कोलेस्टेरॉल कमी झालेलं दिसलं होतं. पण 2003 मध्ये अमेरिकेत 103 लोकांवर झालेल्या अभ्यासात 8 आठवड्यांत गुग्गुळ घेणाऱ्यांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 4 ते 5 टक्के वाढलं आणि औषध नसलेली नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांचं 5 टक्के कमी झालं, काही जणांच्या अंगावर पुरळही आलं. म्हणून स्टॅटिन, म्हणजे डॉक्टरांनी दिलेली कोलेस्टेरॉलची गोळी, बंद करून गुग्गुळावर जायचं नाही. शिवाय गुग्गुळामुळे डिल्टियाझेम आणि प्रोप्रॅनोलॉल या गोळ्या रक्तात कमी उतरतात असं दिसलंय, म्हणजे बीपीची गोळी तुम्ही घेताय आणि ती अर्धवटच काम करतेय. थायरॉइडवाल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यायचा, गरोदरपणात नाहीच.

मिरी-पिंपळी हा अजून एक लपलेला पाहुणा. त्यातल्या पायपेरिनमुळे काही औषधं रक्तात जास्त उतरतात, प्रोप्रॅनोलॉल त्यातलंच एक. हळदीच्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये "शोषण वाढावं" म्हणून ते मुद्दाम घातलेलं असतं. इसबगोल चांगलं आहे, एलडीएल थोडं कमी करतं, पण ते गोळ्यांना अडकवून ठेवू शकतं, म्हणून गोळ्या आणि इसबगोल यात 2 तासांचं अंतर ठेवा. अर्जुनात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर, लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यापासूनही 2 तास दूर.

पायरी 6: एका वेळी एकच, आणि खालच्या टोकापासून

डॉक्टर आणि वैद्य दोघांनी हो म्हटलं की मग सुरू करा. दोन गोष्टी एकदम सुरू केल्या आणि पित्त झालं, खाज सुटली, तर कोणामुळे ते कळणारच नाही. अर्जुन चूर्ण असेल तर दिवसाला 3 ग्रॅमपासून, तेही दोन वेळा विभागून, जेवणानंतर. दोन आठवडे काही त्रास नाही तर वैद्य सांगतील तसं वाढवायचं. अर्जुनाचे नेहमीचे त्रास म्हणजे पोटात जळजळ, मळमळ, बद्धकोष्ठता, डोकं दुखणं. बद्धकोष्ठता हलक्यात घेऊ नका, हार्ट पेशंटनं जोर लावून कुंथणं चांगलं नाही.

एखाद्या वेळी घ्यायचं विसरलं तर पुढच्या वेळी डबल नाही.

वय 70 च्या पुढे, वजन कमी, किडनी किंवा लिव्हर नाजूक, तर वरच्या टोकाला जायचंच नाही. आयुर्वेदातही मात्रा सगळ्यांना सारखी नसते, अग्नी, बल, वय, कोठा बघून ठरवतात, मग डबीवर छापलेल्या "2 गोळ्या दिवसातून 2 वेळा" याला एवढं पक्कं काहून धरायचं?

पायरी 7: मोजत राहा

सुरू करायच्या आधी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बीपी आणि नाडी लिहा, म्हणजे आधी काय होतं ते कळेल. 5 मिनिटं शांत बसून, पाय जमिनीवर, दरवेळी त्याच हाताला. सुरू केल्यावरही तसंच. हार्ट फेल्युअर असेल तर रोज सकाळी लघवी करून आल्यावर वजन, 3 दिवसांत 2 किलोपेक्षा जास्त वाढलं तर अंगात पाणी साठतंय, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. सुरुवातीला आणि मग साधारण 6 ते 12 आठवड्यांनी क्रिएटिनिन (किडनीसाठी), पोटॅशियम, एसजीपीटी (लिव्हरसाठी) आणि लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलसाठी) डॉक्टरांना विचारून करून घ्या. तीन महिन्यांत आकड्यांत आणि त्रासात काहीच फरक नाही तर ते औषध तुमच्यासाठी नाही, पैसे वाचवा.

आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यासाठी वेगळं सांगायला पाहिजे. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, नवतपात तर विचारूच नका, अंगातलं पाणी कमी होतं आणि बीपी आपोआप खाली येतं. अशा वेळी लघवीची गोळी, वरून लघवी वाढवणारी पुनर्नवा नाहीतर गोखरू, आणि रात्री पोट साफ व्हायला त्रिफळा, असं सगळं एकत्र चालू राहिलं तर उठताना चक्कर येऊन माणूस पडतो, किडनीवरही ताण येतो. एप्रिल लागला की वही घेऊन एकदा डॉक्टरांकडे जाऊन या, उन्हाळ्यात काय कमी करायचं ते विचारून घ्या. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर वनस्पतींची औषधं सगळी थांबवा आणि लघवीच्या गोळीचं काय करायचं ते फोनवर विचारा.

ऑपरेशन, ॲन्जिओग्राफी किंवा दाढ काढायची असेल तर डॉक्टरांना वही दाखवायची. लसूण, गुग्गुळ, हळदीच्या कॅप्सूल साधारण 2 आठवडे आधी थांबवायला सांगतात.

ज्याला घरच्या घरी हातच लावायचा नाही

बचनाग. सर्दी-तापाला लोक त्रिभुवनकीर्तीच्या गोळ्या सहज घेतात, त्यात बचनाग असतो. शुद्ध केलेला असला तरी मात्रा चुकली किंवा शोधन नीट झालं नसलं तर ठोके बिघडतात. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांनी वैद्यांशिवाय ही गोळी घेऊच नये.

कण्हेर, लाल असो की पिवळी. कोणीतरी सांगतं की हिच्यात हृदयाचं औषध असतं. असतं ते डिगॉक्सिनच्या जातीचं विष, आणि पानात किंवा बीत किती आहे ते कोणालाच मोजता येत नाही.

हृदयार्णव रस आणि असे बाकीचे रस-भस्मांचे कल्प. यात पारा, गंधक, ताम्रभस्म असतं. जाणते वैद्य रत्तीच्या हिशेबात, ठरावीक दिवसांसाठी देतात, ते वेगळं, पण ऑनलाइन मागवून महिनोन्महिने घेणं वेगळं. 2004 मध्ये अमेरिकेच्या बोस्टनमध्ये दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक औषधांपैकी 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. आपल्याकडे वनस्पतींच्या औषधांसाठी मर्यादा ठरलेल्या आहेत, शिसं 10, आर्सेनिक 3, पारा 1 आणि कॅडमियम 0.3 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एवढे भाग. कंपनीकडे बॅचचा तपासणी रिपोर्ट मागा, चांगल्या कंपन्या देतात.

आणि लौकीचा, म्हणजे दुधी भोपळ्याचा रस. सकाळी फिरून आल्यावर हार्टसाठी म्हणून पिणारे भरपूर आहेत. कडू निघालेल्या दुधीत कुकरबिटॅसिन नावाची विषारी द्रव्यं असतात, त्यानं रक्ताच्या उलट्या, बीपी कोसळणं, मृत्यूही झालेले आहेत, 2010 मध्ये दिल्लीतल्या एका शास्त्रज्ञाचा असा रस पिऊन मृत्यू झाला होता आणि त्यानंतर आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या समितीनं सूचना काढल्या. प्रत्येक दुधीचा छोटा तुकडा आधी चाखायचा, जराही कडू लागला तर सगळा फेकायचा, दुसऱ्या रसात मिसळून कडूपणा लपवायचा नाही.

काय झालं की लगेच थांबवायचं

हिरड्यातून किंवा लघवीतून रक्त, काळी शी, अंगावर कारण नसताना निळे डाग, डोळे-लघवी पिवळी, अंगभर पुरळ, नाडी 50 च्या खाली किंवा मधेच ठोके चुकल्यासारखे, उभं राहिल्यावर अंधारी, पायावर नवी सूज, खूप अशक्तपणा आणि पोटऱ्यांत गोळे. वनस्पतीची औषधं थांबवायची, डॉक्टरांच्या गोळ्या मात्र त्यांना विचारल्याशिवाय नाही, आणि डबी सोबत घेऊन दवाखान्यात जायचं. चक्कर येऊन पडले, रक्त थांबत नाही किंवा दम लागलाय तर वाट न बघता इमर्जन्सीत.

मात्रा ठरवून घ्यायला फार लांब जायची गरज नाही, सक्करदऱ्याला शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, हनुमाननगरला श्री आयुर्वेद महाविद्यालय आहे. जाताना वही, हृदयाच्या डॉक्टरांची फाइल, शेवटचा ईसीजी-इको आणि रक्ताचे रिपोर्ट न्या, आणि वैद्यांनी जे लिहून दिलं ते पुढच्या वेळी हृदयाच्या डॉक्टरांनाही दाखवा. ते रागावतील म्हणून लपवू नका, माहीत असलं तर ते आयएनआर आधी करतील, गोळीची वेळ बदलतील.

त्रास झालाच तर डबी फेकू नका. बॅच नंबर, सुरू केल्याची तारीख, रोज किती घेत होता आणि सोबत कोणत्या गोळ्या होत्या, हे वहीतून उतरवून घ्या आणि डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला औषधाच्या दुष्परिणामाची नोंद करायला सांगा. तुम्ही स्वतःही 1800-180-3024 या टोल-फ्री नंबरवर फोन करू शकता, तो औषधांच्या दुष्परिणामांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा आहे, आणि आयुष औषधांसाठी 'आयुष सुरक्षा' नावाचं वेगळं सरकारी पोर्टलही आहे.